तुलकिनचं कुलूप आणि ओपांचं आवतण

उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या जर्दाळू-कारखान्यात संगणक सांभाळणारा तुलकिन तसा भिडस्त माणूस. पण हाती एक कुलूप आलं आणि गडी एकदम किल्लेदार झाला.

त्याचं असं झालं. हिशेबखात्याच्या मुकद्दस-ओपांनी, म्हणजे मुकद्दसताईंनी, मुलाच्या लग्नाच्या पुलावाचं आवतण ईमेलवरून 'सगळ्यांना' धाडलं. त्या सगळ्यांत लात्वियातल्या रीगाचा एक ग्राहकही होता. तो बॅग घेऊन थेट दारात हजर! पाहुण्याला परत कोण धाडणार? त्याने लग्नाच्या रिवाजातला पहाटेचा पुलाव चापला, आहेराचा झगा घालून नाचला आणि डायरेक्टरसाहेबांच्या गळ्यात पडून भाव पाडून गेला.

"आतलं पत्र आतच राहील!" साहेब गरजले. "बाहेर लिहील ते फक्त विक्रीखातं."

तुलकिनने सर्व्हरवर तसा नियम घातला. बाहेर निघालेलं पत्र आल्या पावली परत येई. सोबत त्याने घोळून घोळून लिहिलेली चिठ्ठी: 'आदरणीय सहकारी, आपलं पत्र फाटकाबाहेर जाऊ शकत नाही. कृपया आग्रह करू नये.'

"तुलकिनजान, माझ्यापुरती एवढीशी फट ठेव की," ओपा लाडात आल्या. "तुझा पाळणा हलवलाय रे मी!"

"पाळण्यातही आपल्याकडच्या रीतीने पट्ट्यांनी बांधूनच ठेवलं होतंत ना, ओपा?"

ओपांनी नाक उडवलं. दुपारी तुलकिनने खानावळीत आणखी एक पळी मागितली, तर आचारीण घसा खाकरून म्हणाली, "आदरणीय सहकारी, पळी पातेल्याबाहेर जाऊ शकत नाही. कृपया आग्रह करू नये."

आणि मग एका सकाळी मुलीचा फोन आला. झुमरादला कोरियाच्या विद्यापीठात जागा मिळत होती. "बाबा, तुमच्या नोकरीचा दाखला हवाय. कारखान्याच्या हिशेबखात्याच्याच ईमेलवरून. आज पोचला नाही तर जागा दुसऱ्याला!"

हिशेबखातं म्हणजे ओपा. आणि ओपांचं दार तर तुलकिनने सगळ्यात घट्ट लावलेलं. साहेबांनी हात झटकले, "उघड, पण निस्तरायचं तू."

ओपा चहा पीत होत्या. तुलकिनने सगळं सांगितलं. त्यांनी सावकाश पेला खाली ठेवला.

"आदरणीय सहकारी..."

"ओपा, पोरीसाठी हो!"

"मग आधीच सांगायचंस ना, गाढवा! झुमराद काय परकी आहे? सरक."

तुलकिनने दार उघडलं. ओपा एका बोटाने टाइप करत राहिल्या, तो दाराशी येरझाऱ्या घालत राहिला. पत्र गेलं. परत आलं नाही. त्याने लगेच कुलूप ठोकलं.

आठवड्याने कोरियाचं उत्तर आलं. झुमरादची जागा पक्की! खाली आणखी एक ओळ: 'पुलावाच्या निमंत्रणाबद्दल आभार. आमच्या प्राध्यापकबाई यायला उत्सुक आहेत. तारीख कळवावी.'

"ओपा!" तुलकिन किंचाळला. "कसला पुलाव?"

"पोरगी परदेशी चाललीय, निरोपाला नुसता चहा पाजणार आहेस? आणि पत्र असं कोरडं ठाक कसं धाडायचं? शोभतं का?"

आरडाओरडा ऐकून साहेब आले. त्यांनी ती ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला.

"तारीख कळवलीस का?"

"नाही साहेब, ओपांचं दार बंद आहे."

"मग उघड की! पाहुण्याला ताटकळत ठेवतोस?"

तुलकिनने निमूट दार उघडलं. ओपांनी बाह्या सावरून बोट उगारलं. "आणि तुलकिनजान, या वेळी पुलावाची गाजरं तू चिरायचीस हं."