आजींचा मृत्यू नैसर्गिक नव्हता

मी आजींना कुशीवर वळवत होते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. काकू, म्हणजे आजींच्या सूनबाई, दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मी सांगितलं.

"हात काढ," काकू म्हणाल्या. "आजी जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना चालायचं नाही. तू नुसतं बसून लक्ष ठेव. अंगाचं आम्ही बघू."

मी हात काढले.

हे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये घडलं. मी एका एजन्सीतर्फे घरोघरी वृद्धांची काळजी घेण्याचं काम करते. आजींना अर्धांगवायू झाला होता. कूसही बदलता येत नसे. अशा माणसाला दर दोन तासांनी वळवायचं, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. काका, त्यांचा मुलगा, निवृत्त डॉक्टर. ते शेजारच्याच खोलीत असत.

काकू सकाळी वळवत, मग थेट संध्याकाळी. मधले आठ तास मी खुर्चीत. खोलीत आम्ही दोघीच.

"अगं, वळव ना मला," आजी म्हणायच्या. "पाठ जळतेय."

त्यांना चालत होतं. मी म्हणायचे, काकू येतीलच. एजन्सीला फोन केला असता तर काम गेलं असतं. म्हणून केला नाही. दुसरं कारण नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पाठीवर पडलेल्या जखमेला वास येऊ लागला. पाचव्यात आजी गेल्या. दाखल्यावर लिहिलं, नैसर्गिक मृत्यू. मला कोणी काही विचारलं नाही. शोकसभेत काकांच्या मातृसेवेवर तिघं बोलले. मी शेवटच्या रांगेत होते. त्या रांगेत दुसरं कोणी बसलं नाही.

यंदा ओहायोच्या विधिमंडळात एक बिल आलं. छळ किंवा हेळसांडीचा संशय असलेल्या वृद्धांच्या मृत्यूंची पुन्हा तपासणी व्हावी. डॉक्टर, पोलिस, समाजसेवक एकत्र बसून कागद बघतील, घरात होते त्यांना विचारतील. सुनावणीत बोलायला मी नाव दिलं. इथल्या मराठी मंडळातल्या कोणीतरी ते काकांना सांगितलं. त्यांचा फोन आला. आजी गेल्यापासून दीड वर्षात पहिलाच.

"कायदा झाला तर आधी तुलाच धरतील. दिवसभर तिच्याजवळ कोण होतं? तुझं सर्टिफिकेट जाईल."

ते खरं बोलत होते. म्हणूनच मी गप्प बसेन असं त्यांना वाटलं.

"मीच होते, काका. तेच सांगायला चाललेय."

फोन बंद झाला. मंडळाच्या ग्रुपमधून माझा नंबर त्याच दिवशी काढला गेला.

सुनावणीत मला तीन मिनिटं मिळाली. सोबत कोणी नव्हतं. बिल अजून समितीतच आहे. पुढच्या सुनावणीलाही मी नाव दिलं आहे. तिथेही आधी माझा अपराध सांगेन, मग त्यांचा. एकही गाळणार नाही.