तारकाकांचा हात

तारकाका प्रयोगशाळेत शिरण्याआधी बाहेरच्या खिळ्याला किल्ल्या अडकवायचे, बकलाचा पट्टा काढून ठेवायचे आणि सैल पँट एका हाताने सावरत आत यायचे. "देवळात चपला नाय, हय लोखंड नाय," असं मलाही दटावायचे.

उमेदीची वर्षं त्यांनी लालबागच्या गिलिटाच्या कारखान्यात काढली होती. आमच्या परळच्या कॉलेजात ते सहायक होते, मी पीएचडी करत होते. केसाएवढ्या तांब्याच्या तारेवर ते निकेल-लोखंडाचा मुलामा चढवायचे. अशा तारेजवळ चुंबक आला, की तिचा इम्पिडन्स, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा, बदलतो. तो बदल मोजून सेन्सर बनवायचा, हे माझं काम. तार करणं मला कधी जमलंच नाही. मी वीज वाढवून काम उरकायला बघायचे, तर काका म्हणायचे, "घाईचो मुलामो साल टाकता, गो बाय. सावकाश चढता, ताच टिकता."

शेवटच्या वर्षी एकसारख्या दोन तारांचे आकडे जुळेनात. माझे गाईड सर चिडले. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "काकांचा हात थरथरतो हल्ली. मुलामा नीट बसत नाही." त्यांचा हात थरथरताना मी एकदाही पाहिला नव्हता. काकांनी तळहात उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली.

महिन्याभराने माझा मोबाईल कव्हरसकट दुरुस्तीला गेला. त्या दिवशी काकांच्या त्याच जुन्या तारा मोजल्या, तर आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे. मोबाईलच्या कव्हरच्या झाकणात चुंबक होता. ते कव्हर मी रोज मोजणीच्या टेबलावर टाकायचे, कधी इथे, कधी तिथे. तारा बिचाऱ्या चोख काम करत होत्या. लाज वाटली, पण त्या वेळी लाजेपेक्षा पदवी मोठी वाटली. मी कुणालाच काही सांगितलं नाही. काकांच्याच तारांवर डॉक्टर झाले.

काका निवृत्त झाल्यावर पेढे घेऊन घोडपदेवला त्यांच्या खोलीवर गेले, सगळं सांगायचं ठरवूनच. काकू म्हणाल्या, "आता देवाच्या दिव्यात तेलसुद्धा घालत नाहीत. सांडेल म्हणतात."

काका हसले. "हात गेलो माझो, माका कळलाच नाय. तूच आधी ओळखलंस, बरा केलंस. नायतर तुझी डिग्री माझ्यापायी रखडली असती."

त्यांच्या हातात काठोकाठ भरलेली चहाची बशी होती आणि तिच्यातला चहा जरासुद्धा हलत नव्हता. मी ते पाहत बसले. मग "येते, काका," म्हणून उठले.