तुलसाच्या चार खुंट्या

गोरेगावच्या घनश्याम सुताराचा उजवा हात २००८ साली मोटारसायकलवरून पडून मोडला, आणि जुळला तो रुसल्यासारखाच जुळला. छिन्नी धरली की थरथरायचा. मग बायको तुलसा उठली, नवऱ्याचा लाडका कॅरम बोर्ड तिनं मधोमध कापला आणि त्याचा फर्मा, म्हणजे लाकडात खाच पाडायचा साचा, केला.

"अवं, दुसरं फळकुट नव्हतं काय?" घनश्याम कळवळला.

"एवढं सपाट दुसरं काहीच नाई घरात."

फर्मा साधाच. प्लायला लांबट खिडकी पाडलेली, बाजूंना दोन पट्ट्या. तो लाकडावर आवळायचा आणि राऊटर, म्हणजे खाली पातं गरगरणारं हातातलं मशीन, त्या खिडकीतून फिरवत थोडं थोडं खोल न्यायचं. दर वेळी खाच तिथंच, तेवढीच. फक्त टोकं गोल यायची. घनश्याम म्हणे, छिन्नीनं चौकोनी कर, बापजाद्यांची खाच चौकोनी. तुलसा उलट त्या खाचेत बसणारी दुसऱ्या लाकडाची जीभच कानशीनं गोल घासायची. "खाचेनं काऊन बदलावं? जिभेनं शिकावं." हे ती नवऱ्याकडे पाहूनच म्हणायची, असं शेजारी सांगतात.

गुलाबचंद पाटलांच्या नव्या घराची सागवानी चौकट तिनं अशीच केली. चौकट उभी करताना पूजा होते आणि घडवणाऱ्या सुताराला पाटावर बसवून टिळा, नारळ, धोतर देतात. आदल्या दिवशी पाटलांचा निरोप आला, की पाटावर घनश्यामले बसवू, बाईमाणूस बरं नाई दिसत.

"जाऊ दे ना," घनश्याम म्हणाला. "काम तं तुझंच राहते."

तुलसानं मात्र चौकट न जोडता चार तुकड्यांतच ट्रॅक्टरवर चढवली.

सकाळी पाटलांच्या दारासमोर गाव जमलं. गोल खाचेत गोल जीभ जाऊन बसली, फट म्हणून दिसेना. पण सांधा पक्का करायला आरपार भोकातून लाकडी खुंटी ठोकावी लागते, आणि खुंट्या कुठंच नव्हत्या. चौकट उचलली की उंबरठा जमिनीवरच राही.

"खुंट्या कुठं हायेत?" पाटलांनी विचारलं.

"माह्या कमरेले." तुलसानं कनवटीवर हात ठेवला. "ज्यानं भोकं पाडली तोच खुंट्या ठोकते. पाटावर त्यालेच बसवा. कोनं पाडली, ह्यायलेच इचारा."

सगळ्या माना घनश्यामकडे वळल्या. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं.

"मी फक्त ओरडलो, पाटील. तेबी कॅरमसाठी."

मुहूर्त सरून राहिला म्हणून भटजी घड्याळ दाखवू लागले. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "बस बाई. पण धोतर आणलं हाय, लुगडं नाई."

"लुगडं मागितलं कोनं? सुताराले देता तेच द्या."

ती पाटावर बसली, टिळा लावून घेतला आणि चारही खुंट्या ठोकल्या. धोतर डोक्याला गुंडाळलं. त्या दिवशी आठवडी बाजार होता. जवळची वाट सोडून तुलसा भर बाजारातून घरी गेली. मागून घनश्याम, दोन्ही हातांत नारळ धरून.