मास्तर ‘जातो’ म्हणाले

शिलाई कारखान्यात कापड बेतायचं काम मास्तरांचं. लांब टेबल त्यांचं, कात्री त्यांची, आणि बोलणं अगदी बेताचं. संध्याकाळी फाटकावर वॉचमनला एकच शब्द टाकायचे, "येतो." निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे आईनं लहानपणी कान पिळून शिकवलेलं.

मालक वारले आणि कारभार जावयाकडे आला. सासऱ्याचा धंदा आयता मिळाला की अक्कलही आयती मिळाली असं वाटतं काहींना. त्याला मास्तर नको होते, पण काढलं तर भरपाई द्यावी लागणार. म्हणून त्यानं आधी टेबल हलवलं, मग कात्री कुलपात घातली. मास्तरांना जिन्याखाली खुर्ची दिली. काम काही नाही, नुसतं बसायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं बघायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

"बसा की," बायको म्हणाली. "बसल्यानं अंगाला भोकं पडतात का?"

"पडतात," मास्तर म्हणाले.

एका सकाळी खुर्चीही नव्हती. मास्तर दिवसभर उभे राहिले. संध्याकाळी निघाले ते परत गेलेच नाहीत.

त्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला: मी नोकरी सोडली नाही, मला सोडायला लावली. जावयाचा वकील म्हणाला, स्वतःहून गेले. ते खरं ठरलं तर मास्तरांच्या हाती धुपाटणं. वकिलानं साक्षीला वॉचमनला उभं केलं, तेव्हाच मास्तरांनी आशा सोडली. जावयाचा नोकर जावयाचंच बोलणार.

"शेवटच्या दिवशी निघताना काय म्हणाले?"

"जातो, म्हणाले."

वकील खूश झाला. मास्तरांनी मान खाली घातली. म्हणाले होतेच, नाही कसं म्हणणार?

"आणि रोज काय म्हणायचे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"रोज ‘येतो’ म्हणायचे."

"मग त्या दिवशी काय झालं?"

"त्यांची खुर्ची मीच उचलून नेली होती, बाई. साहेब म्हणाले, उभा राहून कंटाळला की आपणच जाईल."

पुढे निकाल मास्तरांच्या बाजूनं लागला. पण त्या दुपारी तो कुणाला ठाऊक नव्हता. व्हरांड्यात वॉचमन मास्तरांजवळ येऊन उभा राहिला.

"आता माझीही खुर्ची जाणार, मास्तर."

मास्तर म्हणाले, "गेली तर माझ्याकडे ये. इथला रस्ता मला पाठ झालाय."

"येतो," वॉचमन म्हणाला, आणि ड्यूटीवर गेला.