सतरा नंबरची गैरसोय

डॉक्टर ब्रिजेट कोलासो यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात सगळे त्यांचे गुणच सांगणार, हे उघड आहे. म्हणून मी आधी एक तक्रार नोंदवून ठेवते. बोरीवलीच्या गावठाणातल्या त्यांच्या दवाखान्यात सोळानंतर एकदम अठरा येतो. व्हरांड्यातल्या फळीवर खिळ्यांना पत्र्याची टोकनं टांगलेली असतात. आलेल्याने एक काढून घ्यायचं, तपासून निघताना परत टांगायचं. त्यात सतरा नाही. गेली पाच वर्षं नाही. नवा माणूस सोळाच्या मागे येतो, हातात अठरा पडतो आणि मग "मधला कोण घुसला?" म्हणत तो अख्ख्या व्हरांड्याकडे संशयाने बघत बसतो. कॅन्सर निमूट सोसणारी माणसं एका आकड्यावरून हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. टोकनांचा कारभार दवाखाना सांभाळणाऱ्या तावडेमावशींकडे. त्यांचं उत्तर ठरलेलं: "सतरा खंय गेलो ता देवाक म्हायत. गप बसा." एवढ्या मोठ्या कारकिर्दीत हा ढिसाळपणा राहून जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाईंची आणि माझी ओळख झाली ती अकरा गोळ्यांमुळे.

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, रेडिएशनही संपलं होतं. गाठीच्या तपासणीत निघालं की ती शरीरातल्या हार्मोनवर पोसली जात होती. ती वाट अडवायला रोज एक गोळी, पाच वर्षं. ही गोळी सुरू करणारे तज्ज्ञ अंधेरीच्या एका खासगी हॉस्पिटलात बसत. त्यांनी महिन्याभराची चिठ्ठी लिहिली आणि ते नोकरी सोडून परदेशी गेले. त्यांच्या जागी आलेल्यांची वेळ सहा आठवड्यांनंतरची मिळाली. पाकिटात अकरा गोळ्या होत्या. मी दोनदा मोजल्या.

त्यानंतर मला शोध लागला, की आपल्या उपनगरांत छाती कापायला, शेकायला आणि तिचे फोटो काढायला डॉक्टर मिळतात, पण एक गोळी लिहायला मिळत नाहीत. सर्जन म्हणाले, "माझं काम संपलं, ते छान झालंय." आमचे गोरेगावचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मी सर्दी-तापाचा माणूस. हे माझ्याकडून नको." मुलुंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी फाइल उघडलीही नाही. "तुम्ही कोणाच्या पेशंट? त्यांची चिठ्ठी आणा." मी म्हटलं, ते परदेशात आहेत. त्या म्हणाल्या, "मग ईमेल करा."

ईमेल केली. उत्तर आलं नाही.

घरी माझे यजमान, अजित, रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, "किती राहिल्या?"

"सात."

"अर्धी अर्धी घेतली तर?"

"तू इंजिनीअर आहेस ना? मग पूल अर्धा अर्धा बांधतोस का?"

त्यांनी चहाचा कप विसळायला नेला. मी पाकीट डब्यात ठेवलं. विनोदी लिहून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात इतकी शांतता बरी नव्हे. चार राहिल्या तेव्हा मी नाक्यावरच्या केमिस्टकडे जाऊन उभी राहिले. त्याने जुनी चिठ्ठी उलटीसुलटी केली. "ताई, गोळी माझ्याकडे पडलीय. पण ही चिठ्ठी संपली. नवी आणा, लगेच देतो." मग माझा चेहरा बघून त्यानेच एका कागदावर नंबर लिहून दिला. "बोरीवलीला गावठाणात एक डॉक्टरबाई बसतात. मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरच्याच होत्या, आता रिटायर. त्या बघतात."

फोन तावडेमावशींनी उचलला. "येवा. घरात असतीत नसतीत ती सगळी औषधां घेऊन येवा. एक पण ठेवू नकात."

मी एक ठेवली.

म्हणजे पर्समध्येच, पण आतल्या चेनच्या कप्प्यात. ऑपरेशननंतर मला झोप येईना, रडू थांबेना, तेव्हा मानसोपचाराच्या एका डॉक्टरांनी दिलेली गोळी होती ती. मी दर आठवड्याला वर्तमानपत्रात लोकांना हसवते. मला हसण्यासाठी गोळी लागते, हे अजित सोडून कोणाला माहीत नव्हतं, आणि माहीत व्हावं अशी माझी इच्छाही नव्हती. कॅन्सरच्या डॉक्टरांना माझ्या रडण्याशी काय करायचंय, असा माझा हिशेब.

माझा नंबर सतरावा होता. आत गेले तेव्हा पाकिटात एक गोळी उरली होती. टोकन मुठीत इतकं घट्ट धरलेलं, की तळहातावर आकडा उमटला.

बाईंच्या टेबलावर जेवायचं स्टीलचं ताट असतं, हे त्यांचे पेशंट जाणतात. बाईंनी ते माझ्यापुढे सरकवलं. "ओता."

मी पिशवी ओतली. कॅल्शियम, पित्ताची गोळी, थायरॉइडची, आणि ती एकच. बाईंनी पेनाच्या मागच्या टोकाने एकेक बाजूला केली, नाव वाचलं, पुढे सरकवलं. मग फाइल वाचली. पहिल्या पानापासून. कोणीतरी पहिल्या पानापासून वाचतंय, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

"पाळी?"

"चालू आहे."

"मग गोळी हीच बरोबर. आणि झोपेचं काय?"

"ठीक आहे."

"ठीक आहे, म्हणजे कशाने ठीक आहे?"

मी पर्स जवळ ओढली. बाई थांबल्या. घाई नाही, राग नाही. ताट तसंच माझ्यापुढे. शेवटी मी चेन उघडली आणि ती पट्टी ताटात टाकली. स्टीलवर तिचा केवढातरी आवाज झाला.

बाईंनी नाव वाचलं आणि चष्मा काढला. "ही किती दिवस घेताय?"

"तीन महिने."

"लेखिकाबाई, तुम्ही दहा दिवस त्या गोळीसाठी वणवण केलीत. दोन दिवस चुकली असती तरी आभाळ कोसळलं नसतं. पण ही दुसरी गोळी पहिलीला शरीरात नीट काम करू देत नाही. कोणाला सांगितलं नव्हतंत?"

"नाही."

"लाज वाटली?"

"हो."

"कॅन्सर सांगायला नाही वाटली. हे सांगायला वाटली." त्यांनी फोन ओढला, मानसोपचाराच्या डॉक्टरांना लावला आणि माझ्यासमोरच बोलल्या. ती गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू दुसरीवर यायचं, असं दोघांत ठरलं. मग चिठ्ठी लिहिली, ठळक सुट्या अक्षरांत, खाली मराठीतूनही. आणि अंधेरीला जे नवे तज्ज्ञ आले होते, त्यांना पत्र.

मला राहवलं नाही. "पण मी तुमची पेशंट नाही ना?"

"माझ्यासमोर कोण बसलंय?"

"मी."

"मग?"

बाईंच्या चाळीस वर्षांच्या कामावर या ग्रंथात जाणकार लिहितीलच. माझ्या मते ते काम या दोन अक्षरांत बसतं.

त्यांच्या चातुर्याचा एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. जोगेश्वरीहून एक जोडपं येत असे. विचारलं बायकोला की उत्तर नवऱ्याचं. एकदा बाई नवऱ्याला गंभीरपणे म्हणाल्या, "बाहेर जाऊन जरा टोकनं मोजता का? फार गोंधळ होतो." ते मोजून आले, "एक कमी आहे." "नक्की? पुन्हा बघा." ते पुन्हा गेले. तेवढ्यात त्या माउलीने महिनाभर गोळी बंद असल्याचं सांगून टाकलं. गोळीने तिला दरदरून घाम फुटे, आणि घरच्यांना ते नाटक वाटे. बाईंनी तिला टेबलावरचा हातपंखा दिला आणि नवऱ्याला आत बोलावून तो हलवायला लावला.

तावडेमावशींनी एकदा मला सांगितलं, की पत्र्याचा नवा सतरा रंगवून घ्यायचं त्यांनी कितीदा सुचवलं. बाई नको म्हणतात. "ज्याच्याकडे आहे त्याला लागत असेल. काम झालं की येईल." हे सांगताना मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी मी विषय बदलला.

माझी पाच वर्षं गेल्या महिन्यात पूर्ण झाली. पुढे काय, हे बाईंनी आणि अंधेरीच्या तज्ज्ञांनी मिळून पाहिलं. गोळी थांबली.

बाईंनी अजून पुष्कळ वर्षं ते ताट समोर ओढून बसावं. त्यांचे गुडघे व्हरांड्याच्या तीन पायऱ्यांना पुरून उरावेत, नजर औषधांची बारीक अक्षरं वाचण्याइतकी शाबूत राहावी, आणि स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी, जी त्या विसरतात असं मावशी सांगतात, त्यांनीही कधीतरी त्याच ताटात ओतावी.

हा लेख पुरा करण्याआधी मी परवा दुपारी दवाखान्यात गेले. व्हरांडा रिकामा होता, मावशी आत चहा टाकत होत्या. पर्सचा आतला कप्पा उघडला आणि सोळा व अठराच्या मधल्या खिळ्यावर सतरा अडकवला. पाच वर्षांत त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. तो हलायचा थांबला, तेव्हा पायऱ्या उतरले.