कानबाईचा दिवा बांनी विझवला

आधी बांचं सांगते, मग बाकीचं. बा म्हणजे सुरतेत आमच्या खोलीसमोरच्या ब्लॉकमधल्या म्हाताऱ्या गुजराती बाई. सगळी बिल्डिंग त्यांना बा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. त्या सकाळी त्या आल्या नसत्या तर मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी राहिलोच नसतो.

मी सातवीत शाळा सोडली. पुढे लग्न होऊन अमळनेरकडून सुरतेला आले. आमचे हे कापडाच्या लूमवर पाळी करायचे. सोसायटीने जिन्याखालची खोली आम्हाला दिली होती. भाडं नाही, पण जिने मी झाडायचे-पुसायचे, पाण्याची मोटर मी चालवायची. गावाकडचं घर दिरांनी वाटून घेतलेलं, त्यामुळे जे काही होतं ते ही खोली. सेक्रेटरी जिन्यावरून उतरताना दिसले की मी उगाचच झाडू हातात घ्यायचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. नळाचा गॅस त्या भागात नवाच आला होता. त्याचा पाइप आमच्या खोलीतल्या भिंतीवरून वर जायचा. वरच्यांच्या शेगड्या त्यावर चालायच्या, आम्ही रॉकेलच्या स्टोव्हवर.

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांकडे कानबाई बसते. नारळाची देवी मांडायची, केळीच्या खांबांचा मांडव करायचा, रविवारी रात्रभर जागायचं आणि सोमवारी सकाळी विसर्जन. देवी घरातून निघेपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. त्या वर्षी गावी जायला जमलं नाही म्हणून खोलीतच बसवली. भिंत सिमेंटची, खिळा शिरेना. मग मांडवाची दोरी मीच त्या पाइपाला करकचून बांधली. लोखंडाचा पाइप, भिंतीला घट्ट, मला तो खुंटीसारखाच वाटला.

सोमवारी सकाळी हे विसर्जनाला माणसं बोलवायला गेले. तोवर मांडव सोडून ठेवावा म्हणून मी डब्यावर चढले. गाठ सुटेना. दोन्ही हातांनी ओढली तशी पाइप भिंतीपासून सुटला आणि सांध्यातून सूं आवाज यायला लागला. नासक्या अंड्यासारखा वास खोलीभर झाला.

मला पहिलं काय सुचलं असेल, तर हे कोणाला कळू नये. देवीच्या नैवेद्याच्या रोटांची कणीक उरली होती, ती मी सांध्यावर थापली. कणकेतून बुडबुडे यायला लागले. वास जाईल म्हणून पंखा लावायला बटणाकडे हात नेला, तेवढ्यात दारातून बांचा आवाज आला.

"हाथ ना लगाड! बटन ना दबाव!"

मी हात मागे घेतला. बांनी आत येऊन देवीपुढे पाहिलं. दिवा तेवत होता.

"ए बुझाव."

"बा, नाही विझवता येत. देवी अजून घरात आहे."

"देवी छे, ने तारी छोकरी पण छे."

मी हलले नाही. खरंच सांगते, मुलगी कोपऱ्यात झोपलेली दिसत होती तरी माझा हात दिव्याकडे जाईना. बांनी बादलीत पदर बुडवला आणि ओल्या पदराने ज्योत चिमटीत धरून विझवली.

"पाप मने लागशे," पाप स्वतःच्या माथी घेत त्या म्हणाल्या. "तू बहार नीकळ."

मुलीला उचलून मी अंगणात आले. दार उघडंच ठेवायला लावलं त्यांनी. पॅसेजमध्ये पाइपावर एक दांडी होती, ती बांनी आडवी फिरवली. सूं आवाज थांबला. मग तोंडाने हाका मारून सगळ्यांना खाली बोलावलं. घंटी कोणी वाजवायची नाही, शेगडीची बटणं बंद करून या, म्हणाल्या. गॅसवाल्यांना फोन करायला स्वतः रस्त्यापलीकडच्या दुकानात गेल्या.

सोमवारची सकाळ, सगळ्यांचे डबे अर्धवट राहिलेले. दुसऱ्या मजल्यावरची बाई हसत म्हणाली, "तुमची देवी गॅस पिते का गं?" दोघी-तिघी हसल्या. मीही हसले, कारण हसले नसते तर रडले असते.

तेवढ्यात हे माणसं घेऊन आले. झालेलं ऐकून मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "काहीच सांगू नको. पाइप आपोआप सुटना म्हण. नाहीतर खोली जाई आपली."

गॅसवाला आला. आत वास राहिला नाही याची खात्री करून त्याने तुटका सांधा पाहिला आणि विचारलं, कसं झालं. ह्यांचे डोळे माझ्यावर. मी म्हणाले, "आपोआप." बांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "क्यांथी खेंच्यू ए एने खबर होवी जोईए, बेटा. उपर पण छोकरां छे."

कुठून ओढलं ते त्याला कळायला हवं, वरही लेकरं आहेत. मग मी दोरी दाखवली. कणीकही सांगितली. सेक्रेटरी शेजारीच उभे होते. गॅसवाल्याने वरपर्यंत सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासले. पहिल्या मजल्यावरचाही सैल झाला होता. मी गप्प राहिले असते तर तो तसाच राहिला असता.

खोली महिनाअखेर गेली. बा मीटिंगमध्ये आमच्यासाठी बोलल्या, उपयोग झाला नाही. त्यानंतर आम्ही सुरतेतच लिंबायतच्या गल्ल्यांत किती खोल्या बदलल्या, आता आठवतही नाहीत. दर खोलीत ह्यांनी तोच विषय काढला, दिवा विझला म्हणून हे दिवस आले. पुन्हा कानबाई बसवू दिली नाही. मी भांडले नाही. खरं बोलले म्हणून खोली गेली की दिव्यामुळे, हे मला अजून ठरवता येत नाही.

दोन वर्षांनी कळलं, बांची एक बाजू लुळी पडली, मुलगा त्यांना कामरेजकडे घेऊन गेला. पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. कोणती बाजू, हेही मी विचारलं. सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. पदर त्यांनी उजव्या हाताने धरला होता. शिकलेली माणसं म्हणतील, असं काही नसतं. नसेलही. पण मला झोप लागत नाही.

बा, कधीतरी माझी अशी एक खोली होईल जिथे कोणाला विचारावं लागणार नाही. तिथे मी कानबाई बसवीन आणि दिवा लावून तिला सांगीन, की त्या दिवशी हात बांचा होता, पण दोरी मी बांधली होती, जे काय पाप लागायचं ते मला लाव. तोवर तुम्ही असाल की नाही, तेही मला कळणार नाही. पण हे तुमचं मी फेडीन.