ताटावरचा हात

होळीला भावाकडे जेवायला बसले होते. वहिनी पुरणपोळी घेऊन आली आणि मी सवयीने ताटावर हात आडवा धरला.

आमच्याकडे हा हात कुणी खरा मानत नाही. वाढणारी "अर्धीच गं" म्हणत बोटांच्या फटीतून पोळी सोडते आणि आपण रागावल्यासारखं करून ती खातो. वजन उतरावं म्हणून मी पहाटे चालायला जायचे, रात्रीचं जेवण सोडलं होतं, तेव्हाही हा हात कधी टिकला नाही. पोट आतून वहिनीच्याच बाजूचं असायचं.

आता आठवड्याला भूक कमी करणारं एक इंजेक्शन घेते. गुडघे दुखत नाहीत, साखर उतरली, डॉक्टर खूश आहेत. तक्रार करायला जागा नाही. शेजारच्या ताटातल्या पोळीवर तूप विरघळत होतं, त्याचा वास येत होता आणि मला काहीच वाटत नव्हतं. खावंसं नाही, खाऊ नये असंही नाही. सगळे म्हणतात, जिंकलीस. पण पोटाशी चाललेलं इतक्या वर्षांचं ते भांडण माझ्याशिवायच मिटलं.

वहिनी पोळी तशीच धरून थांबली. "अर्धी?"

"नको."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, "बरं" म्हणाली आणि पुढच्या ताटाकडे वळली.

पहिल्यांदाच तिने माझं 'नको' खरं मानलं. माझा हात मात्र बराच वेळ ताटावर तसाच होता, कुणीच काही वाढत नसताना.